विडी घरकुलातल्या मुलींसोबत डान्स फिल्म करायचीय, असं काम कुणी केलंय का?

तालात_सोलापूर

नमस्कार मंडळी, इथं नुसती वाचत असते, आज पहिल्यांदा विचारतेय. मी भरतनाट्यम शिकलेय, जुळे सोलापुरात क्लास घेते आणि शनिवार-रविवार कुंभारीला विडी घरकुलात, म्हणजे विडी कामगारांच्या वसाहतीत, आठवी ते अकरावीच्या मुलींना शिकवते. समाजसेविका वगैरे नाही हं मी, एका मैत्रिणीनं ओढत नेलं होतं आणि आता मलाच सोडवत नाही.

तर झालं असं की सुरुवातीला मी त्यांना अडवू, म्हणजे भरतनाट्यमच्या मूळ स्टेप्स, शिकवायला गेले, त्यांना हवी होती गॅदरिंगची गाणी, मग थोडं हे थोडं ते असं चाललं होतं. पण मधल्या सुट्टीत या मुली एकमेकींना चिडवायला आपापल्या आयांची नक्कल करतात, विडी वळायची, दोरा गुंडाळायचा, मान वाकडी करून टीव्हीकडे बघत बघत हात चालूच, आणि दुसऱ्या दोघी मागं मांडीवर ठेका धरतात. ते इतकं भारी दिसतं की माझं शिकवलेलं त्यापुढं फिकं वाटतं खरंच. तेव्हापासून डोक्यात आहे की यावर आठ-दहा मिनिटांची फिल्म करावी. डॉक्युमेंटरी नको, रील पण नको, नाचच पण कॅमेऱ्यासाठी केलेला.

प्रश्न असे की एकतर हे कुणी आधी केलंय का, बघायला शिकायला काय आहे. दुसरं म्हणजे माझ्याकडे फोन सोडून काही नाही. आणि तिसरं सगळ्यात अवघड, मुलींच्या आया. एक आई स्पष्ट म्हणाली, मॅडम क्लास घ्या पण व्हिडिओ नको, उद्या स्थळ आलं की लोक मोबाईल काढून दाखवतील. मला काय उत्तर द्यावं कळलंच नाही.

जुनी_गिरणी

ताई आधी तुमच्या पहिल्या प्रश्नाचं बोलतो कारण तो माझ्या आवडीचा आहे, बाकीचं जाणकार सांगतील.

कॅथरिन डनहॅम हे नाव शोधा. अमेरिकेतली कृष्णवर्णीय नर्तकी, जन्म १९०९. शिकागोला मानववंशशास्त्र शिकली, १९३५ मध्ये फेलोशिप मिळाली आणि कॅरिबियन बेटांवर गेली, हैतीत राहून तिथले नाच स्वतः नाचून शिकली आणि सोबत कॅमेऱ्यानं शूट पण करून आणले. तेव्हा बाई एकटी, हातात कॅमेरा, विचार करा. पुढं स्वतःची कंपनी काढली, जगभर दौरे केले, हॉलिवूडच्या सिनेमांत नाच केले, न्यूयॉर्कला शाळा चालवली, स्वतःचं तंत्रच उभं केलं. पण मला तिचं नंतरचं काम जास्त महत्त्वाचं वाटतं. १९६७ मध्ये ती ईस्ट सेंट लुईस नावाच्या गावात गेली, कारखाने बंद पडलेले, पोरं बेकार, टोळ्या, मारामाऱ्या, आणि तिथं तिनं पोरांसाठी कलाकेंद्र काढलं. नुसता नाच नाही, ढोल, मार्शल आर्ट, भाषा, आफ्रिकेतून हैतीतून आलेले शिक्षक. गिरण्या बंद पडल्यावर आपल्याकडं असं कोण आलं सांगा बरं. आणि ८२ वर्षांची असताना, १९९२ ला, हैतीच्या निर्वासितांना अमेरिका परत पाठवत होती म्हणून ४७ दिवस उपोषण केलं बाईनं. म्हणजे नाच एकीकडं आणि माणसं एकीकडं असं तिनं कधी केलंच नाही.

आता गंमत बघा, तिची सेक्रेटरी होती माया डेरेन. तीच पुढं प्रायोगिक सिनेमातली मोठी दिग्दर्शिका झाली. तिनं १९४५ मध्ये डनहॅमच्याच कंपनीतल्या टॅली बीटी या नर्तकाला घेऊन एक फिल्म केली, तीन मिनिटांची पण नाही. त्यात तो जंगलात पाय उचलतो आणि तो पाय खाली येतो तो घरातल्या खोलीत. एक पाऊल, दोन जागा, आणि ते कॅमेऱ्याशिवाय शक्यच नाही, स्टेजवर कितीही मोठा नर्तक आणा. तुम्हाला जे नाच पण कॅमेऱ्यासाठी असं म्हणायचंय ना ते हेच. मुलींकडून पहिला अभ्यास म्हणून हाच करून घ्या, पाय उचलायचा घरकुलाच्या ओट्यावर, ठेवायचा सिद्धेश्वर तलावाच्या काठावर. फोनवर होतं, खर्च शून्य. किल्ल्यात करायचं असलं तर किल्ला पुरातत्त्व खात्याकडं आहे, ट्रायपॉड दिसला की गार्ड येणार, आधी विचारून घ्या.

आपल्याकडं उदय शंकर. अल्मोड्याला १९३८ मध्ये केंद्र काढलं, १९४८ मध्ये नाचावरच अख्खा सिनेमा केला, मद्रासच्या जेमिनी स्टुडिओत. गुरुदत्त अल्मोड्याचा विद्यार्थी, नंतर पुण्यात प्रभातमध्ये आला तो या शिदोरीवर. त्याच्या सिनेमातली गाणी बघताना कॅमेरा कसा नाचतो ते आठवा.

आणि लांब कशाला जाताय, शाहीर अमर शेख बार्शीचे. गिरणीत काम केलेला माणूस, अण्णा भाऊ साठे, गवाणकर यांच्यासोबत लाल बावटा कलापथक घेऊन गावोगाव गेले. कामगारांचं जगणं कामगारांसमोर मांडायचं हे सोलापूर जिल्ह्याला काही नवीन नाही, फक्त तेव्हा कॅमेरा नव्हता.

विडीवालीची_लेक

वरचं सगळं छान आहे दादा, पण मी त्या घरातली आहे म्हणून जरा वेगळं बोलते, राग मानू नका.

माझी आई अजून विड्या वळते. मी लहान असताना आमच्या गल्लीत एका संस्थेचे लोक आले होते कॅमेरा घेऊन, आईला म्हणाले खिडकीजवळ बसा उजेड चांगला आहे, मग दुपारभर तिच्या हातांचं शूटिंग, सुपाचं शूटिंग, पत्र्याचं माप ठेवून पान कातरतानाचं शूटिंग. चेहरा कुणाला नको होता. आम्ही चहा पाजला. ती फिल्म आम्ही आजपर्यंत बघितली नाही. त्या दिवशी आईच्या विड्या कमी भरल्या त्याचं कुणी विचारलं पण नाही. हजार विड्यांमागं मजुरी मिळते ताई, तासावर नाही, बाई दुपारभर तुमच्यासाठी बसली तर ते तिच्याच खिशातून जातं. तर पहिली गोष्ट पैसे. आयांना कॅमेऱ्यासमोर बसवणार असाल तर तेवढ्या वेळाची मजुरी द्या, आणि मदत म्हणून नका देऊ, कामाचे पैसे म्हणून द्या.

दुसरी गोष्ट तुमच्या लक्षात आली नसेल म्हणून सांगते. मुलींना कॅमेऱ्यासमोर खऱ्या विड्या वळायला लावू नका. विडी काम हे १९८६ च्या बालकामगार कायद्यातल्या धोकादायक कामांच्या यादीत आहे. आठवीतली मुलगी तेरा वर्षांची. तुम्ही कलेसाठी दाखवाल, पण उद्या कुणी ती क्लिप उचलून अशी कामं लहान मुलींकडून करून घेतात म्हणून टाकली तर अडकणार तिची आई, तुम्ही नाही. तुम्ही म्हणताय तशी हवेतली नक्कल ठेवा, हात रिकामे, ना पान ना तंबाखू. मला तर ते जास्त चांगलं वाटतं, कारण नाच तोच आहे ना.

आणि आईनं स्थळाचं म्हटलं त्यावर नाकं मुरडू नका कुणी. आमच्याकडं मुलगी नाचते म्हटल्यावर लोकांच्या डोळ्यासमोर काय येतं हे मोडनिंब आणि अकलूजच्या जिल्ह्यात राहणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. विठाबाई नारायणगावकर पंढरपुरात जन्मल्या, राष्ट्रपती पदक मिळालं त्यांना, तरी घरातली मुलगी फडावर पाठवा म्हणल्यावर किती जण तयार होतील. लावणी बघायला सगळे पुढं आणि नाव ठेवायला पण तेच पुढं. त्या आईची भीती खरी आहे. तिला समजवायला जाऊ नका, तिला निवडायला द्या. चेहरा नको तर पाठमोरी, सावली, नुसते पाय. आणि फिल्म नेटवर टाकायचीच असं कुठं लिहिलंय.

तालात_सोलापूर

बालकामगार कायद्याचं माझ्या खरंच डोक्यात आलं नव्हतं, बरं झालं आत्ताच कळलं. रिकाम्या हातांचं पक्कं.

एक विचारू का, आया आपापसात तेलुगूत बोलतात आणि मला चार शब्दांपलीकडं येत नाही. मुली मधे दुभाष्याचं काम करतात पण मला शंका आहे त्या सगळं सांगत नाहीत, सोयीचं तेवढंच सांगतात 😅

विडीवालीची_लेक

मुली आईला सोयीचं तेवढंच सांगणार, आम्ही पण तेच केलं. परवानगीचं बोलणं मुलींकरवी करू नका अजिबात. सोलापूरच्या पूर्व भागातली, आमच्या तेलुगू वस्तीतली, एखादी मोठी बाई सोबत घ्या जिच्यासमोर आया मोकळं बोलतील. कागद तेलुगूत आणि मराठीत दोन्ही करा, मोठ्यानं वाचून दाखवा आणि त्यात एक ओळ टाकाच, की शूट झाल्यावर सुद्धा नको वाटलं तर सांगा, काढून टाकू. आणि ती पाळा.

अजून एक, बतुकम्मा बघितलाय का तुम्ही? पितृपक्षातल्या अमावास्येपासून दुर्गाष्टमीपर्यंत आमच्याकडं बायका फुलांचा मनोरा मधे ठेवून गोल फिरतात, टाळ्या वाजवत, वाकून उठून. दिवसभर मांडी घालून बसलेली बाई त्या गोलात आली की कंबर कशी सरळ होते ते बघा. मुलींच्या आयांना नाच येत नाही असं तुम्हाला वाटत असेल तर त्या दिवशी या. तिथं नाचायला कुणाला लाज वाटत नाही, कारण तिथं बघणारे आणि नाचणारे असे दोन गट नसतात.

लूम_आणि_लेन्स

मी लग्नाचं शूटिंग करतो बे, कला वगैरे आपल्याला जास्त कळत नाही पण फोनवर कसं करायचं ते सांगतो.

फोनमध्ये प्रो मोड असेल तर तो नाहीतर एखादं फुकटचं कॅमेरा अ‍ॅप टाका ज्यात शटर हातानं सेट होतं. फ्रेम रेट २५ ठेवा, शटर १/५०. बहुतेक फोनवर ३० च असतंय आणि आपल्याकडं लाईट ५० हर्ट्झवर चालते त्यामुळं ट्यूबलाईटखाली चित्र लपलप करतंय. घरात शूट करा नाहीतर पॉवरलूमच्या शेडमध्ये, दोन्हीकडं ट्यूबच असणार. लग्नात आम्ही हे रोज भोगतो. स्लो मोशन पाहिजे असेल तर ते बाहेर उन्हात करा, आत नको.

एक्स्पोजर आणि फोकस लॉक करा, स्क्रीनवर बोट दाबून धरलं की होतंय. नाहीतर मुलगी दारातून आत आली की फोन स्वतःच उजेड कमीजास्त करत बसतो आणि तुमच्या नाचाची वाट लागते.

नाचणाऱ्याला उभा फोन धरून डोक्यापासून पायापर्यंत फ्रेममध्ये घ्यायची सवय सोडा, ते रीलवाल्यांना शोभतंय. जवळ जा. मनगट भरून फ्रेम. मी हळदीत बघतो, बाई नाचताना सगळ्यात भारी काय असतंय तर मान वळवायच्या आधीचा अर्धा सेकंद, तो लांबून दिसतच नाही.

आवाज मात्र वेगळा घ्या. लूमचा खडखडाट फोनचा माईक दाबून टाकतो, नुसता गोंगाट येतो. माझ्याकडं एक छोटा रेकॉर्डर आहे तो देतो, शेडच्या बाहेर दाराशी ठेवा आत नको, तिथून ठेका सुटा सुटा ऐकू येतो. आणि पिक्चरचं गाणं वापरू नका, यूट्यूबवर टाकलं की लगेच कॉपीराईटचा दावा येतो. आपल्या लूमचा आवाज आपलाच, त्यावर कोण दावा करणार.

शूटिंगचं टाइमटेबल लावताना पाणी कधी येतंय ते आधी बघा 😄 आपल्याकडं काही दिवसांआड पाणी, ज्या दिवशी नळ येणार त्या दिवशी एक पण मुलगी येणार नाही लिहून घ्या. आणि एप्रिल-मे मध्ये नाचवू नका कुणाला बाहेर.

पार्क_चौक_कट्टा

सगळं ठीक आहे पण एक कडू बोलू का. फिल्म होणार, हुतात्मा स्मृती मंदिरात एक शो होणार, पेपरला फोटो येणार मॅडमचा, मुली परत घरी, आई परत सुपापुढं. याला सबलीकरण म्हणायचं का? सोलापुरात अशा लोकांनी खूप फोटो काढून झालेत. विडी कामगारांना घरं मिळाली ती भांडून मिळाली, मोर्चे काढून, आधी गोदूताई परुळेकर वसाहत आणि आता रे नगर. नाचून नाही मिळाली.

जुनी_गिरणी

कट्टा, मोर्चाचं बरोबर आहे. पण त्या मोर्च्यात गाणी नव्हती का? गोदूताईंच्या काळातल्या चळवळीतून गाणी काढून टाका आणि मग उरतं काय ते बघा. नाचामुळं घर मिळतं असं इथं कुणी म्हणत नाहीये. लिझ लर्मन म्हणून एक नृत्यदिग्दर्शिका आहे अमेरिकेतली, तिनं जहाजबांधणीच्या गोदीतल्या कामगारांसोबत काम केलं, त्यांच्या कामातल्या हालचाली घेऊन. वृद्धाश्रमातल्या म्हाताऱ्यांना घेऊन पण नाचली ती. तिचे प्रश्न साधे असतात, नाचायचं कुणी, कशाबद्दल, कुठं. आणि केलेल्या कामावर बोलायची तिची एक पद्धत आहे, आधी बघणाऱ्यानं काय भिडलं ते सांगायचं, मग करणाऱ्यानं प्रश्न विचारायचे, मग बघणाऱ्यानं मत न लादता प्रश्न विचारायचे, आणि आपलं मत सगळ्यात शेवटी, तेही परवानगी घेऊन. आपल्या कट्ट्यावर हे लागू केलं तर अर्धे लोक बोलायचेच बंद होतील.

विडीवालीची_लेक

कट्टा दादा तुमचा मुद्दा मला पटतो, फक्त तो अर्धा आहे. पेपरला फोटो कुणाचा येतो हा प्रश्न बरोबर. पण त्याचं उत्तर फिल्म करू नका हे नाही, कॅमेरा कुणाच्या हातात आहे ते बघा हे आहे. ताई, तुम्ही दिग्दर्शक आणि मुली कलाकार असं ठेवलं तर कट्टा म्हणतात तेच होणार. दर आठवड्याला दोन मुलींनी शूट करायचं, दोघींनी आवाज, बाकीच्यांनी नाचायचं, पुढच्या आठवड्यात पाळी बदलायची. एडिटिंगला पण त्यांना शेजारी बसवा. मी बी.कॉम. करून टॅलीवर काम करते, पण मला विचाराल तर शाळेत असताना कुणीतरी हातात एकदा कॅमेरा दिला असता तर मजा आली असती एवढं नक्की.

हैदराबाद_रोड

मूळचा साखर पेठेतला, आता हैदराबादला नोकरी. दोन गोष्टी भर घालतो.

हैदराबाद रोडवरच जहीराबादजवळ पस्तापूर नावाचं गाव आहे, तिथं डेक्कन डेव्हलपमेंट सोसायटीसोबत काम करणाऱ्या दलित शेतकरी बायकांनी कॅमेरा शिकून स्वतः फिल्म केल्यात, आपल्या बियाण्यांवर, ज्वारी-बाजरीवर, शेतीवर. बऱ्याच जणी शाळेत गेलेल्या नव्हत्या. त्यांचा स्वतःचा रेडिओ पण आहे, २००८ पासून. ताई, तुमच्या आयांना दाखवायला यापेक्षा चांगलं काही नाही, कारण भाषा तेलुगू आहे, कॅमेरा धरणारी बाई त्यांच्यासारखी दिसते, साडी तशीच नेसते. तुम्ही तासभर बोलून जे होणार नाही ते दहा मिनिटं दाखवून होईल.

दुसरं कोलकाता संवेद ही संस्था. सोहिनी चक्रवर्तींनी २००४ मध्ये सुरू केलं, मानवी तस्करीतून सुटलेल्या मुलींसोबत नाचाच्या आधारानं काम करतात. त्यातल्याच काही मुली पुढं तिथं शिक्षिका झाल्या, म्हणजे शिकणारी शिकवायला लागली, कट्टा यांना जे पाहिजे ते इथं दिसतं. त्यांनी आणि मुंबईच्या टिसनं (टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेस) मिळून डान्स मूव्हमेंट थेरपीचा, म्हणजे नाचातून उपचाराचा, डिप्लोमा चालवलाय. हे मुद्दाम सांगतोय कारण अशा कामात मुली मधेच रडतात, घरातलं काहीतरी बाहेर येतं, दारू, मारहाण, काहीही. आपण डान्स टीचर असतो, समुपदेशक नाही. कुणाला फोन करायचा हे आधी ठरवून ठेवा. चाइल्डलाइन १०९८ तर माहिती असेलच.

अस्ताद देबूंचं काम पण बघा, चेन्नई-कोलकात्यात कर्णबधिर मुलांसोबत आणि दिल्लीत रस्त्यावरच्या मुलांसोबत त्यांनी वर्षानुवर्षं काम केलं. त्यांच्या स्टेजवर ही मुलं बिचारी दिसत नाहीत, नर्तक दिसतात. तयारी तेवढी घेतली म्हणून. बिचारेपणा दाखवला की टाळ्या स्वस्तात मिळतात, ते टाळा.

पार्क_चौक_कट्टा

बिचारेपणाचं एकदम बरोबर. मी पण तेच म्हणत होतो, फक्त मला नीट बोलता येत नाही.

पहिला शो स्मृती मंदिरात करू नका मग. घरकुलातच करा, मैदानात चादर बांधून. चादर आपल्या इथं कमी नाहीत.

लूम_आणि_लेन्स

पांढरी पाहिजे पण, फुलाफुलांची सोलापुरी चादर बांधली तर पिक्चर कुठं आणि डिझाईन कुठं कळणार नाही 😂 प्रोजेक्टर माझ्याकडं आहे. संगीत संध्येला वापरतो.

तालात_सोलापूर

सगळ्यांचे आभार, एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. आत्ता ठरवलंय ते सांगते, चुकत असेल तर बोला.

फिल्म लगेच नाही. आधी पस्तापूरच्या बायकांचं काम आयांना दाखवते, मुलींशिवाय, नुसत्या आयांची बैठक. लेक, तुम्ही किंवा तुमच्या आई येऊ शकाल का त्या दिवशी? मजुरी बुडेल तेवढी मी देईन, आधीच सांगून ठेवते. मग मुलींना तो एक पाय इथं एक पाय तिथं चा अभ्यास देते, प्रत्येकीनं जागा स्वतः शोधायची, घरकुलापासून चालत जाता येईल अशीच, म्हणजे रिक्षाचा खर्च नको. ज्यांना चेहरा नको त्यांची यादी मीच ठेवते, मुलींकडं नाही.

फक्त एक अडलंय. अकरावीतली एक मुलगी म्हणतेय मला नाचायचंच नाही, मला फक्त शूट करायचंय, पाळी बदलून नको. आणि ती नाचते सगळ्यांत छान 🙈 तिला नाचायचा आग्रह करू का सोडून देऊ?

विडीवालीची_लेक

सोडून द्या. फोन तिच्याकडं द्या.

बैठकीला मी येते, आईला विचारून सांगते. रविवार नको, रविवारी माल द्यायची घाई नसली तरी घरी पाहुणे असतात, शनिवारी दुपारी चारनंतर ठेवा.

लूम_आणि_लेन्स

शनिवारी मोकळाच आहे, मुहूर्त नाही. रेकॉर्डर घेऊन येतो. त्या शूटिंगवाल्या पोरीला शटर आणि फोकस लॉक मीच दाखवतो, अर्धा तास पुरे होईल. फोनमध्ये जागा मोकळी करून ठेवायला सांगा तेवढं, सगळ्यांचे फोन व्हॉट्सअ‍ॅपच्या गुड मॉर्निंगनी भरलेले असतात.